माहेरचा घाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवी. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे. मी चिटणीसबाईंना म्हटले होते की मला लोणच्यावर बोलू द्या, त्यात मी कुणाला हार जायची नाही. पण त्या म्हणाल्या, "लोणचे सगळ्यांनी खाल्ले आहे. तुम्ही सायकलीवर दिवेघाट चढता ते सांगा." चढता, हा शब्द ऐकून मला हसू आले. कारण पुष्कळ दिवस मी घाट चढत नव्हते, सायकल ढकलत होते. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

तुम्हांपैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे की माझे माहेर घाटावर, सासवडच्या अलीकडे. सासर घाटाखाली, हडपसरच्या बाजूला. मधे हा दिवेघाट. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचे तर सासवडला जावे लागे. मी 1993 साली सातवी पास झाले आणि शाळा सुटली. पण सायकल सुटली नाही. दादाची मोठी सायकल होती, मधल्या दांडीची. दांडीखालून पाय घालून, ज्याला आम्ही हाफ पायडल म्हणत असू, तशी मी ती शिकले. पुढे मागच्या कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या बांधून मी रोज पहाटे डेअरीवर दूध घालायला जात असे. जाऊन येऊन चौदा किलोमीटर. लग्न होईपर्यंत सहा वर्षे हा नेम चालला. म्हणजे मी शिकले कमी, पण सायकल चालवली पुष्कळ. आता मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. पेपरात त्या मुलींचे फोटो आले की मी जरा वेळ बघत बसते. असो.

1999 साली लग्न होऊन मी घाट उतरून खाली आले. त्यानंतर चोवीस वर्षे सायकलीला पाय लावला नाही. कुणी मनाई केली होती असे नाही. चाकण्या-भाकऱ्या, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे आजारपण, यांत सायकल कुठे बसणार?

2022 साली माझे वडील गेले. आई घरी, दादा-वहिनी शेतात. आईला बोलायला माणूस लागते. आठवड्याला एकदा तरी जाऊन यावे असे मला फार वाटे. तुम्ही म्हणाल, मग एस.टी. आहे की! आहे ना. 2023 च्या मार्चपासून आपल्याला तिकीटही अर्धे झाले आहे. आईला तर पंच्याहत्तरीच्या पुढे म्हणून फुकट प्रवास आहे, पण तिचे गुडघे पायरी चढत नाहीत, तेव्हा त्या फुकटाचा तिला उपयोग नाही. मला उपयोग आहे. पण घरून फाट्यापर्यंत रिक्षा, मग एस.टी.ची वाट, उतरल्यावर पुन्हा दोन किलोमीटर पायी, आणि परतीला तेच उलटे. सकाळी निघालेली बाई चार वाजता घरी. आठवड्याला हे जमत नाही. महिन्याला जमते.

त्याच सुमारास माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, नवी सायकल घेतली. जुनी त्याची बारीक टायरांची, एकवीस गिअरची, पोत्याखाली पडून होती. तो म्हणाला, "आत्या, तू ने." मी टेम्पोतून आणली. आमचे हे म्हणाले, "चालवणार आहेस की वाळवणाला काठी म्हणून उभी करणार आहेस?" मी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर काढली, आणि बायांनो, चोवीस वर्षांनी बसले तरी तोल गेला नाही. अंगाला एकदा कळले की ते विसरत नाही हे खरे. पंधरा दिवसांत सपाट रस्त्यावर मी दहा-बारा किलोमीटर आरामात जाऊन येऊ लागले. सलवार-कुडता घालायचा, ओढणी घरी ठेवायची. ओढणी चेनमध्ये गेली तर गळ्याशी येते, हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही.

मग मला वाटले, झाले. आता माहेर काय लांब आहे!

दिवेघाट तुम्ही गाडीतून पाहिला असेल. गाडीतून तो काहीच नाही. वडकी मागे पडली की रस्ता डोंगराला लागतो, वळणे घेत वर जातो, खाली मस्तानी तलाव दिसतो, आणि गाणे संपायच्या आत आपण वर. सायकलीवर तोच घाट निराळा आहे. लांबी चार किलोमीटरांच्या आसपास. माझ्या लेकीने मला हिशेब करून दाखवला. शंभर पावलांना पाच पावले उंची धरली, तर चार किलोमीटरांत दोनशे मीटर वर जायचे. तीन मीटरांचा एक मजला धरला तर पासष्ट मजल्यांच्या वर. आणि तेही एकटीने नव्हे, तर तेरा-चौदा किलोची सायकल बरोबर घेऊन. सपाटीवर सायकलीला मुख्य अडथळा असतो तो वाऱ्याचा. सावकाश गेले की वारा काही बोलत नाही. चढावर मात्र अडथळा आपल्या वजनाचा. सावकाश जा की जोरात जा, तेवढे वजन तेवढ्या उंचीवर उचलावेच लागते. म्हणून सपाटीवरची शेखी चढावर चालत नाही.

पहिल्या दिवशी दुसरे वळण आले नाही तोच माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, धाप लागली, कानांत छातीचे ठोके ऐकू येऊ लागले. उतरले. सायकल ढकलत वर गेले. तेव्हा बाजूने तरुण मुलांची टोळी टोप्या-चष्मे लावून भर्रकन वर गेली. एक जण ओरडला, "कम ऑन आँटी!" मुलगा चांगल्या मनाने म्हणाला असेल, पण मला तेव्हा ते चांगल्या मनाने घेता आले नाही. मागून एक दूधवाला मोटरसायकलीवर आला. तो थांबला आणि म्हणाला, "वहिनी, पंक्चर झाली का?" त्याला मी हो म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. आणि मला राग येऊ लागला तो याचा की सुधारणाच होईना. चपात्या लाटायला शिकणारी पोरसुद्धा तिसऱ्या आठवड्याला गोल लाटते. इथे मी दोन महिने झाले तरी त्याच वळणावर, त्याच दगडाशी उतरते आहे. शिवाय घरी आल्यावर दिवसभर डोके जड, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी. एका दवाखान्यात गेले. तिथे मला न तपासताच सांगितले, "बाई, या वयात घाट कशाला? बागेत चालत जा." वयाचे म्हणाल तर मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. आमच्या आईने त्रेपन्नाव्या वर्षी डोक्यावर कडब्याचे भारे वाहिले आहेत.

घरी येऊन मी दोन दिवस सायकल काढली नाही. मग आमच्या लेकीने मला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सायकलीचा नव्हता. पाळीचा होता. अंगावरून किती जाते, किती दिवस जाते, कपडे किती लागतात. मी म्हणाले, आठ-आठ दिवस जाते, चाळिशीनंतर सगळ्यांचेच असे होते. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे होते म्हणून ते बरोबर असे कुणी सांगितले?" रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ. गरोदर नसलेल्या बाईचे ते बारा तरी असावे लागते.

भगिनींनो, इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सायकल चालवणे सगळ्यांना करायचे नाही, पण हे सगळ्यांच्या घरातले आहे. आपण श्वासाने जी हवा आत घेतो तिच्यातला प्राणवायू रक्तातल्या याच द्रव्यावर बसून हातापायांपर्यंत जातो. ते कमी, म्हणजे गाड्या कमी. माल आहे, रस्ता आहे, पण पोचवणार कोण? घरकामाला, सपाटीला थोड्या गाड्या पुरतात, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. चढ आला की मागणी वाढते आणि सगळे उघडे पडते. 2019 ते 21 या काळात देशभर जी कौटुंबिक आरोग्य पाहणी झाली, तिच्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांमागे सत्तावन्न बायांना रक्त कमी असल्याचे आढळले. आपल्या महाराष्ट्रात शंभरात चोपन्न. या मंडपात आपण दीडशे जणी असू. हिशेब तुम्हीच करा.

मला लोहाच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफी करून पाहिली, तीत लहानशी गाठ निघाली. भिण्यासारखी नव्हती, तिचे औषध निराळे झाले. गोळ्यांबद्दल डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दोन नियम मी कधीच ऐकले नव्हते. एक, गोळीच्या आगेमागे तासभर तरी चहा घ्यायचा नाही, दूधही नाही, कारण त्यांच्याबरोबर लोह अंगी लागत नाही. दोन, लिंबू, आवळा, पेरू असे काहीतरी बरोबर घ्यायचे, त्याने ते जास्त लागते. आता आपण बाया काय करतो? सकाळचा चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी. नंतर म्हणतो, गोळ्यांचा गुण येत नाही. मी लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागले. शौचाला काळे होते, थोडे मळमळते, त्याला भ्यायचे नाही. चार महिन्यांनी आकडा अकरा पूर्णांक आठवर आला. त्यानंतरही तीन महिने गोळ्या सोडू नका असे त्यांनी बजावले, कारण अंगातली कोठी भरायची राहिलेली असते.

त्या चार महिन्यांत मी घाटाकडे गेले नाही, सपाटीवरच फिरले. आणि या अवधीत आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांनी माझे आणखी एक काम केले. मला उजव्या गुडघ्यात पुढच्या बाजूला कळ यायची. ते म्हणाले, "ताई, सीट खाली आहे." मला तर जमिनीला दोन्ही पाय टेकतील अशी सीट बरी वाटे. त्यांनी सांगितले, सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचे. तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात जरासा बाक राहतो. सीट दोन इंच वर गेली आणि पंधरा दिवसांत कळ गेली. थांबताना मात्र सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय करावी लागली.

आणि गिअर. याबद्दल बायकांनी मला फार विचारले आहे, म्हणून सांगते. पुष्कळांना वाटते की गिअरने जोर वाढतो. जोर तेवढाच राहतो. माऊलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते, तेव्हा याच दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात. ते जोर वाढवणे. गिअर म्हणजे तसे नाही. समजा, जोंधळ्याचे पोते माळ्यावर चढवायचे आहे. एकदम पाठीवर घेऊन चढा, नाही तर पायली-पायलीने खेपा करा. माल तेवढाच वर जातो, पण पायलीने नेताना पाठ मोडत नाही, खेपा मात्र वाढतात. माझ्या माहेरच्या जुन्या सायकलीला एकच माप होते. पायडलच्या एका फेऱ्याला ती पाच मीटरांवर पुढे जायची. या सायकलीला पुढचे सगळ्यांत लहान आणि मागचे सगळ्यांत मोठे चक्र लावले, दोन्हींना अठ्ठावीस-अठ्ठावीस दाते, की एका फेऱ्याला चाकही एकदाच फिरते, म्हणजे दोन मीटरांहून थोडे जास्त. तेव्हा दिवेघाटाला साधारण एकोणीसशे फेरे. जात्यावर बसलेल्या बाईला एकोणीसशे फेऱ्यांचे काय भय? चेनवर जोर असताना गिअर पाडायचा नाही एवढे सांभाळायचे. चढ लागायच्या आधी पाडून ठेवायचा, नाही तर चेन करकरते आणि कधी कधी उतरते.

दम राखायची खूण मला आषाढीच्या पालखीतच मिळाली. दोन वर्षांमागे मी घाटाच्या पायथ्याशी उभी होते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हाताऱ्या बाया अभंग म्हणत चढत होत्या. थांबत नव्हत्या, घाईही करत नव्हत्या. म्हणायचे आणि चालायचे. मी ताडले की गाता येते तोवर चाल बरोबर आहे, आवाज तुटला की पावले आवरायची. डॉक्टरीणबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या की शास्त्रही हेच सांगते. एक वाक्य सलग बोलता येईल इतक्याच जोराने चढावे. मी मनात हरिपाठाची चाल धरते. मिनिटाला पन्नास-पंचावन्न फेरे त्या चालीत बरोबर बसतात. लोकांना वाटते बाई देवभोळी आहे. आहेच, पण इथे ते घड्याळ आहे.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी, पहाटे ट्रक कमी असतात म्हणून सहाच्या सुमारास, मी पुन्हा घाटाला लागले. पहिले वळण गेले. दुसरे गेले. जिथे दोन महिने उतरत होते तो दगड आला तेव्हा छाती धडधडली, ती दमाने की भीतीने ते कळले नाही. दगड मागे पडला. पुढे एक लांब सरळ चढ आहे. तो दिसायला सौम्य आणि चढायला वाईट, कारण वळण नसले की संपल्यासारखे वाटत नाही. तिथे नजर वर न्यायची नाही, पुढच्या चाकाच्या चार हात पुढे ठेवायची. मांड्या भरून आल्या. दोन वेळा सीटवरून उभी राहून पायडल मारले. त्याने पाठीला आराम मिळतो पण दम लवकर जातो, म्हणून दहा-बारा फेऱ्यांवर तसे करू नये. आणि मग हवा एकदम गार लागली आणि सायकल आपली आपण पुढे जाऊ लागली. घड्याळात पाहिले. चौतीस मिनिटे. जमिनीला पाय लागला नव्हता.

त्या टोळीतल्या मुलाला चौतीस मिनिटांचे हसू येईल. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. आम्हांला राणीपद नको. आम्हांला आईकडे चहाला पोचायचे होते.

आई ओट्यावर बसली होती. तिला आता लांबचे नीट दिसत नाही. तिने विचारले, "कोण आलंय, दूधवाला का?" मी म्हणाले, "आई, मी." ती म्हणाली, "एस.टी.चा तर आवाज आला नाही." मग तिने उठून सायकलीला हात लावून पाहिला, सीटला, हँडलला, टायरला. "एवढ्याशा चाकावर घाट?" म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "तुझ्या बापाने तुला सासवडच्या शाळेला पाठवली असती, तर रोजच गेली असतीस." बापाबद्दल ती असे कधी बोलली नव्हती. मी काही बोलले नाही. वहिनीने चहा ठेवला, मी तो घेतला नाही, कारण गोळीची वेळ होती. त्यावर वहिनी जरा रुसली. तिलाही सगळे समजावून सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात तिचेही रक्त तपासून आणले. साडेनऊ निघाले.

येताना उतार. चढाची भीती सगळ्यांना असते, खरी भीती उताराची बाळगावी. दोन्ही ब्रेक थोडे थोडे आणि वळणाच्या आधीच दाबायचे. वळणात शिरल्यावर दाबला की चाक घसरते. सारखा दाबून धरला तर तो तापतो. मी उतरायला वीस मिनिटे घेते आणि त्याची मला लाज नाही.

तेव्हापासून पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बहुतेक रविवारी जाते. चौतीसची तीस मिनिटे झाली आणि तिथेच अडली आहेत. सिंहगड मात्र अजून झाला नाही. त्याचा रस्ता दिवेघाटाहून लांब आणि फार उभा आहे. दोन वेळा गेले, दोन्ही वेळा वरचा तुकडा ढकलत नेला. मागे आणखी मोठ्या दात्यांचे चक्र बसवून मिळेल असे चाचा म्हणतात. त्याचे पैसे जमले की बसवणार आहे.

मंडळातल्या दोघी जणींनी बरोबर यायचे म्हटले आहे. आणखी कुणाला यायचे असेल तर रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या दारात यावे. सायकल कसलीही चालेल. सीट वर-खाली करायचा पाना माझ्या पिशवीत असतो. तेवढे रक्त मात्र आधी तपासून या.